नव्या बोटीतली न दिसणारी वाफ

अहो,

पत्रातसुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं अहो. हे पत्र कोण वाचणार, हे मला कळतं. पण काल तुमच्या लढाऊ बोटीवरचे म्हसवडचे भाऊजी येऊन गेले. त्यांनी सांगितलं ते या घरात कुणाजवळ बोलायची सोय नाही. मग तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुम्ही गेल्याची तार आली, तिच्यात नुसतं ‘कामावर असताना’ एवढंच होतं. तुम्हाला समुद्रातच दिलं म्हणे. देह नाही, म्हणून मामंजींनी कराडच्या संगमावर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. अख्खा जन्म गुऱ्हाळाच्या जाळापुढे काढलेला माणूस, पण तेवढी पानं पेटवायला त्यांना तीन काड्या ओढाव्या लागल्या.

मागची सुट्टी आठवते? जुन्या कोळशाच्या बोटीवरून यायचात, तेव्हा नखांतली काळी रेघ कितीही घासली तरी जायची नाही. या वेळी तुमचे स्वच्छ हात बघून मीच म्हटलं, “आवं, सायेब झाला का काय?”

केवढी ऐट तुमची! “अगं, जुन्या बोटीत फावड्यानं कोळसा मारून कंबर मोडायची. वाफंनं दट्ट्या वर-खाली व्हायचा, सारी बोट थडथडायची. नवीत फावडंच न्हाई. भट्टीत तेलाचा फवारा, आन् वाफ जाती पात्यांच्या चाकावर. त्ये असं गरागरा फिरतंय, पर पेल्यातलं पानी हलत न्हाई बघ!”

मला त्यातलं काय कळणार? फावडं सुटलं, कंबर वाचली, एवढंच मी धरलं आणि देवापुढे नारळ फोडला.

मग तुम्ही झाडूचं सांगितलंत. जुनी वाफ फुसफुसायची, पांढरी दिसायची. नवी इतकी तापलेली, की डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून नळी फुटली की झाडू पुढे धरून चालायचं. झाडूचे हीर तुटून पडतील तिथे वाफ. मी पदरात तोंड घालून हसले. लढाईवरचा गडी, हातात झाडू! का हसले हो मी?

“वैनी, नळी फुटली तवा झाडू त्येच्या बगलंलाच टांगल्याला व्हता,” भाऊजी खाली मान घालून म्हणाले. “हितं लय गरम लागतंय म्हनला, आन् हात फुडं क्येला. जुन्या बोटीत बी त्यो तसंच बघायचा. न दिसनाऱ्या वाफंनं त्यो जाग्यावरच गेला, आमाला वरडायला बी येळ मिळाला न्हाई.”

हात पुढे केलात!

तो हात कुणी शिकवला, ते मला ठाऊक आहे. गुऱ्हाळाच्या भट्टीच्या, चुलवाणाच्या तोंडाशी तळवा धरून मामंजी जाळ जोखतात, मगच आत उसाची चिपाडं सारायची की थांबायचं ते ठरवतात. तुम्हाला कळायला लागल्यापासून त्यांनी तेच शिकवलं. कोळशाच्या बोटीवर त्याच तळव्यानं तुमचं नाव झालं, ते मामंजींनी गावभर सांगितलं. पण नव्या बोटीचं तर तुम्हीच मला समजावलं होतंत ना? मला सांगितलंत, स्वतःच्या हाताला नाही सांगितलंत? फार राग येतो हो तुमचा. आणि राग काढायला तुम्ही नाही.

काल मामंजी मळ्यात होते. भाऊजी उद्या त्यांना भेटायला पुन्हा येतील. मामंजी येईल-जाईल त्याला एकच विचारतात, “कसा गेला रं त्यो?” पोस्टमनलासुद्धा विचारतात.

भाऊजी निघाले तेव्हा मी उंबऱ्यात त्यांना अडवलं. म्हटलं, “मामंजीस्नी सांगा, झाडू हातातच व्हता. वाफ दुसरीकडनं आली.” ते म्हणाले, “व्हय, वैनी.”

आता दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागेल. मामंजी पुन्हा चुलवाणाशी तळवा धरतील आणि चिपाडं द्यायला शेजारी मी उभी असेन. तुम्हाला शब्द देते, तुमच्या हाताचं मी त्यांना मरेपर्यंत कळू देणार नाही. त्यांच्या तळव्याकडे बघून माझे डोळे भरले, तर धूर गेला म्हणेन.

तुमची,
शेवंता