दोन्ही मनगटांवर घड्याळ

दि. ३ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. फोनवर तुम्ही 'बरं आहे' याच्यापुढे जात नाही, म्हणून नेहमीप्रमाणे पत्र. आईचा नमस्कार. तिची तक्रार अशी की तुमचं मागचं पत्र वाचायला तिला भिंग लागलं. अक्षर मुंगीएवढं झालंय. शाई वाचवताय की कागद?

सोबत नदीकाठच्या फोटोची मोठी प्रत पाठवतेय. एवढी काळी काच लावल्यावर कॅमेऱ्यात उजेड शिरतो तरी कसा, असं तुम्ही विचारलं होतंत. तो थेंबाथेंबाने शिरतो, म्हणून तर भर उन्हातसुद्धा शटर चार मिनिटं उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात जे हलत राहतं त्याची खूण उरत नाही. पुलावरून निदान दोनशे माणसं गेली असतील, फोटोत एकही नाही. पाणी तर रेशमासारखं झालंय. राहिले ते पुलाचे खांब, पलीकडच्या इमारती, बाक आणि बाकावर बसलेले तुम्ही.

चार दिवस कॉम्प्युटरपुढे बसून त्यावर काम केलं. आभाळ थोडं गडद केलं, कलती इमारत सरळ केली, कॅमेरा तापल्यामुळे उमटलेले पांढरे ठिपके एकेक करून वेचले. एक बारीकशी चूक होती, तीही अशी बेमालूम बुजवलीय की घड्याळजींच्या भिंगालाही सापडायची नाही. शोधून दाखवा. आमच्या क्लबच्या प्रदर्शनात पंधरा मार्चला मधल्या भिंतीवर हाच फोटो लागणार आहे. मधली भिंत मला पहिल्यांदाच मिळतेय, त्यामुळे झोप उडालीय.

पैजेचं विसरला नसाल. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवताना जन्मभर श्वास रोखलाय, चार मिनिटं न हलता बसणं म्हणजे काय, असं म्हणून ऐटीत बसला होतात. हरेल त्याने चार पानी पत्र लिहायचं आहे. निकाल मी तूर्त राखून ठेवते.

मामीला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्या, उत्तर मात्र जरा मोठ्या अक्षरात द्या.

तुमची,
ढापणी


दि. ९ फेब्रुवारी

चि. ढापणीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. दुकानातल्या दिव्याखाली धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि तुझी चूक बुजवायची चूक पाच मिनिटांत पकडली. माझ्या दोन्ही मनगटांवर घड्याळ आहे. घड्याळजी झालो म्हणून काय दोन-दोन बांधून नदीवर जाईन? मामीला दाखवलं तर ती हसून हसून खाली बसली.

मी ताडलं ते असं. तू माझा डावा हात उचललास, आरशासारखा उलटा केलास आणि उजव्याच्या जागी बसवलास. काम सफाईदार आहे, सांधा दिसत नाही. पण डाव्या हातावरचं घड्याळ त्याच्याबरोबर आलं, ते काढायचं राहिलं. दुसऱ्याचा सुटा भाग बसवताना आम्हीही कधीकधी असाच घोटाळा करतो, म्हणून लगेच कळलं.

आता माझा प्रश्न. माझा खरा उजवा हात कुठे गेला? त्याला असं काय झालं होतं की तो बदलावा लागला? आधीचा फोटो, काही न करता, जसाच्या तसा पाठव. मला उत्सुकता लागून राहिली आहे.

बाकी, जे हलतं ते जातं आणि स्थिर असतं ते राहतं हा तुझा नियम मला फार आवडला. त्या नियमाने मी सबंध राहिलो आहे, मिशीसकट. म्हणजे पैज मी जिंकली. चार पानं तू लिही.

अक्षराचं म्हणशील तर पेन नवीन आहे. ताईला सांग, भिंग वापरायला लाजू नको.

माया आहेच, ती कागदावर मावत नाही म्हणून इथेच थांबतो.

तुझा मामा


दि. १४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

माझं नाक कापलंत. क्लबमधल्या आठ जणांनी तो फोटो पाहिला होता, एकालाही दुसरं घड्याळ दिसलं नाही.

मूळ फोटो सोबत आहे. उजव्या गुडघ्याकडे बघा. तिथे हात नाही, धुरासारखा एक पुसट डाग आहे. तुम्ही हाताने काहीतरी करत होतात, तेव्हा पैज हरलात, असं लिहून मी पत्र पाकिटात घालणार होते. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा छडा लागेपर्यंत चैन पडत नाही.

त्या दुपारी मी चार फोटो काढले होते. चारही उघडून शेजारी-शेजारी लावले. चारही फोटोंत तुमचे बूट स्पष्ट आहेत, टोपी स्पष्ट आहे, डावा हात तर शर्टाच्या बटणासकट स्पष्ट आहे. उजवा तेवढा चारही वेळा पुसट. कान खाजवला असता तर डाग वर गेला असता. माशी हाकलली असती तर एका फोटोत दिसला असता, चारांत नाही. हा डाग दर वेळी त्याच जागी आणि तेवढाच आहे. बोटांनी काय चाललं होतं? मनातल्या मनात कुणाच्या घड्याळाला किल्ली देत होतात का?

आधी हसू आलं. मग मनात पाल चुकचुकली आणि मी तुमची तीन वर्षांची पत्रं काढून टेबलावर ओळीने मांडली. पेन नवीन असेल मामा, पण अक्षर दोन वर्षांपासून लहान होत आलंय, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ते आणखी बारीक होतं.

मला काळजी वाटतेय. आढेवेढे न घेता विचारते, तुमच्या हाताला काय झालंय? रागावलात तरी चालेल, लोभ मात्र पातळ करू नका.

तुमची,
ढापणी


दि. २६ फेब्रुवारी

चि. ढापणीस,
आशीर्वाद.

मी मामी. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले आणि यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून यांच्या नकळत लिहिते. फोटो यांनी तासभर भिंगातून बघितला आणि खणात ठेवून दिला. विचारलं तर कानावर हात.

तू विचारलंस म्हणून मीही आता नीट बघायला लागले. चहाचा कप हे डाव्या हाताने घेतात. मनगटी घड्याळ दुरुस्तीला आलं की याचा भाग मिळत नाही म्हणून परत पाठवतात, भिंतीवरची मोठी तेवढी ठेवून घेतात. मला सांगितलं होतं की खांदा अवघडलाय. वर्षभर मी रोज खांद्याला तेल लावलं गं.

डॉक्टरचं नाव काढलं की चप्पल घालून बाहेर जातात. माझं ऐकायचे नाहीत, तुझं ऐकतील. तुझ्यावर जीव आहे त्यांचा. आईला इतक्यात सांगू नकोस. आमच्यावर माया असू दे.

मामी


दि. ६ मार्च

चि. ढापणीस,
अनेक आशीर्वाद.

पैज हरल्याची कबुली देतो. ही घे तुझी चार पानं. कागद रेघांचा आहे आणि दोन रेघांमध्ये एकच ओळ लिहायची अशी मला ताकीद आहे. तेव्हा ताईचं भिंग आता तिला परत दे.

काल डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांकडे जाच असं बजावणारं तुझं दुसरं पत्र आल्यावरही मामीने तीन दिवस तोंड फुगवून धरलं, तेव्हा कुठे गेलो. काय होतंय ते सांगायला जीभ रेटेना, म्हणून खिशातून तुझा फोटो काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि हा फोटो कुणी काढला असं विचारलं. भाचीने, म्हटलं. मग त्यांनी मला हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला सांगितलं आणि आम्ही दोघं माझ्या हाताकडे बघत राहिलो. अंगठा बोटावर घासत होता. तू थट्टेने लिहिलंस तसंच, किल्ली दिल्यासारखा.

याला कंपवात म्हणतात. हात रिकामा असला की हलतो, काही उचललं की बराचसा शांत होतो. म्हणून तर मला इतके दिवस स्वतःला फसवता आलं. चिमटा धरला की हात गप्प, मग आजार कसला, असं मी म्हणायचो. पण बोटं सांगितलेलं उशिरा ऐकायला लागली होती, ते मला माहीत होतं. लहान घड्याळं मी त्यामुळेच परत पाठवली. औषध सुरू झालंय. त्याने बराच फरक पडतो, बरं मात्र होत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

मला भीती वाटली होती, ढापणे. चाळीस वर्षं लोकांनी आपली घड्याळं या हाताच्या भरवशावर सोडली. तो हात गेला तर त्या दुकानात मी कोण, हा प्रश्न मला पडला होता आणि त्याचं उत्तर नको होतं.

तुझा फोटो मी रोज काढून बघतो. पाणी चार मिनिटं हललं, त्याला तू रेशीम म्हणालीस. माझा हात चार मिनिटं हलला, त्याला चूक म्हणालीस. यात तुला दोष देत नाही, मीही वर्षभर तेच म्हणत होतो. पण प्रदर्शनात तो दोन घड्याळांचा माणूस लावू नकोस. तो मी नव्हे. माझा हात मला परत बसवून दे, जसा आहे तसा. मामीचंही हेच म्हणणं आहे, तिने आता खांद्याचं तेल कपाटात ठेवून दिलं.

ताईला तू सांग, माझ्याच्याने होणार नाही. जीव लावतेस तसाच लावत जा.

तुझा मामा


दि. १७ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग कॉम्प्युटर सुरू केला. हात परत बसवायला काहीच लागलं नाही. मी चिकटवलेला हात पुसला, खाली तुमचा होताच. आभाळ, इमारत, ठिपके यांचं काम तसंच ठेवलं, तुमच्यावर केलेलं सगळं काढून टाकलं. आईला सांगितलं. तिने तुमचं रेघांचं पत्र मागून घेतलं आणि भिंगाशिवाय वाचलं.

परवा फोटो मधल्या भिंतीवर लागला. एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की त्या आजोबांचा हात हलल्यामुळे पुसट आलाय, तेवढा नीट करून घ्या. मी म्हटलं, तो नीटच आहे. त्या पुन्हा फोटोपाशी गेल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्या महिन्यात येतेय, कॅमेरा घेऊन. त्याच बाकावर बसायचंय आणि या वेळी पैज नाही. काहीतरी धरलं की तुमचा हात शांत होतो असं तुम्हीच लिहिलंय. मी शटर उघडून चालत बाकापर्यंत येईन. तेवढं चालणं फोटोत उमटत नाही. शेजारी बसून चार मिनिटं तुमचा हात धरेन. तो थांबला तर थांबला. नाही थांबला, तर दोघांचेही हात पुसट येऊ देत.

लोभाचं या वेळी काही मागत नाही, समक्षच येतेय.

तुमची,
ढापणी