कावळा नसलेलं बेट

पनवेल, भाद्रपद वद्य नवमी, १९५६. संध्याकाळ.

आज सुमतीचं श्राद्ध झालं. अंगणात पान ठेवून मी मागे सरलोही नव्हतो, तोच कावळ्याने भात उचलला. धाकटी बहीण कमल म्हणाली, "बघ दादा, वहिनी तृप्त झाली हो." सगळ्यांना बरं वाटलं. मला का नाही?

गेल्या वर्षी याच तिथीला, मुलाकडे मोंबासाला जाताना, बोट सेशेल्स बेटावर दिवसभर थांबली होती. बोटीवरच्या भटारखान्यातले भंडारी उस्मानभाई आपल्या उरणचे. त्यांनी केळीच्या पानात भात बांधून दिला. तो किनाऱ्यावर नारळाखाली ठेवून बसलो. पांढरे पक्षी आले, पण भाताकडे एकही पाहीना. दुपारी उस्मानभाई हसत आले.

"मास्तर, या बेटावर कावळा नाय. पनवेलचा एक पिंजऱ्यात घालून आणायचा ना!"

मग माझं तोंड बघून हळू म्हणाले, "माफ करा. बसा निवांत, भोंग्याला वेळ हाय."

भोंगा होईपर्यंत बसलो. तिला बोटीची फार हौस. तिकिटं दोघांची काढायची ठरली होती. भात तसाच होता, म्हणून वाटत राहिलं की ती इथेच खोळंबली आहे, तिला माझ्याकडून अजून काही हवं आहे. मग तिच्याशी बोललो. मनातच, पण बोललो. समुद्र कसा आहे, पक्षी कसे आहेत, सगळं सांगितलं.

आज तिने काहीच मागितलं नाही. कावळा इतक्या लवकर यायला नको होता. कमलला हे कसं सांगू?