हवेतून खत

४ मार्च
निळं झालं! हवेतला नायट्रोजन, पाणी, विजेची एक तार — आणि बाटलीत अमोनिया. म्हणजे खतच की! तपासणीचे थेंब टाकले की अमोनियाचं पाणी निळं होतं. कारखान्यांना यासाठी भट्ट्या पेटवाव्या लागतात, आमच्या सरांना फक्त मला राबवावं लागतं.

७ मार्च
पुन्हा निळं. सरांची वर्तमानपत्रात मुलाखत. "मी रात्रंदिवस झटलो." हो तर! मी त्यात माझं नाव शोधत होते. जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या.

११ मार्च
शेजारच्या टेबलावरचा काका — वय तिशीचं, कुरकुर सत्तरीची — त्याने तीच तार, तेच पाणी घेतलं. निळं काही होईना. सर मला म्हणाले, "तुझा हातगुण चांगलाय." काका म्हणाला, "हातगुण की हातचलाखी?" सगळ्यांसमोर! झालं, माझी पीएचडी गेली खड्ड्यात.

१२ मार्च
इरेला पेटून नायट्रोजन बंद केला, आर्गॉन वायू सोडला. त्यातून अमोनिया होणं म्हणजे रिकाम्या पातेल्यात दूध उतू जाणं. तरी निळं! मी काहीही मिसळलेलं नाही. पण आता कोण विश्वास ठेवणार? जेवणाचा डबा तसाच परत आणला.

१४ मार्च
चोर सापडला! रंग बघायला मी बाटलीत नाक खुपसते. काकाने मास्क लावून करायला लावलं — पाणी कोरं. मग साध्या पाण्यात फुंकर मारायला लावली — निळं! म्हणजे खत माझ्याच श्वासातून. लबाड नाही, नुसती वेंधळी. किती हलकं वाटलं! काकाने माफी मागितली, वर बिस्किटं दिली. मग सगळ्यांनी हौसेने फुंकून पाहिलं, माझ्याइतकं निळं कुणाचंच नाही. मीच एकटी खताचा कारखाना! सर तोंड पाडून बसलेत. मुलाखतीत माझं नाव नव्हतं, खुलाशात मात्र नक्की येईल.

१५ मार्च
ताईला फोनवर सगळं रंगवून सांगितलं. ती नर्स आहे, म्हटलं पोट धरून हसेल. तर तिने विचारलं — "पाय सुजतात का गं तुझे?"
सुजतात. दिवसभर उभी असते, सुजणारच!
"उद्या रक्त तपासायचं. मी येतेय न्यायला."
ताईला राईचा पर्वत करायची सवयच आहे.

१८ मार्च
किडन्या. दोन्ही. रक्तातली घाण त्या गाळेनात, म्हणून श्वासात अमोनिया. ताई लगेच म्हणाली, "माझी एक घे." मी 'छे, काहीतरीच काय!' म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालंच नाही. मला जगायचंय.