पुढून धरणारं टेबल

दिघाशी, ता. भिवंडी
२० जून १९९०

ती. नामादादास,
सरोजिनीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस, बातमी गोड आहे. मी बी.एस्सी. पास झाले. भाऊंनी अंबाडीहून पेढे आणले आणि येताना वाटेत भेटेल त्याला सांगत आले की आमची लेक आता ग्रॅज्वेट हाय. बकऱ्या विकायला आलेल्या एका अनोळखी माणसालाही पेढा दिला म्हणे. शिवाय तुमच्या नाशिकच्या बी.एड. कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं आहे. १ ऑगस्टला हजर व्हायचं आहे.

पेढे संपले आणि भाऊंनी हळूच विचारलं, मग फळी पुढून कोण धरणार?

तू नाशिकला गेल्यापासून पडवीतल्या करवतीच्या मशीनवर भाऊ मागून फळी ढकलतात आणि पात्याच्या पलीकडे उभी राहून मी ती झेलते. लांब फळीचं पुढचं टोक कोणी धरलं नाही तर ते खाली झुकतं, फळी पात्यात अडकते आणि उलटी माणसाच्या अंगावर येते. म्हणूनच भाऊंचा नेम आहे. ते ‘धर’ म्हणणार, आणि पुढून ‘धरलं’ ऐकू आल्याशिवाय फळी पात्याला लावणार नाहीत. एकदा तू सुट्टीत आला होतास तेव्हा माझ्या तोंडात आंब्याची कोय होती म्हणून त्यांनी मशीन बंद केलं होतं, आठवतं?

आई म्हणाली, त्यात काय, मी धरीन. दुसऱ्या दिवशी उभीसुद्धा राहिली. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे, हे तुला मागे कळवलं होतंच. फळीचं टोक तिला दिसलं तेव्हा ते मनगटावर आदळून झालं होतं. हात सुजला आहे, हळदीचा लेप लावला आहे. ती म्हणते काही नाही झालं, आणि डाव्या हाताने भाकऱ्या थापते.

दादा, मी ठरवलं आहे. आईला त्या जागी उभी करून मी मास्तरीण होणार नाही. मशीनच्या पुढे फळी झेलणारं टेबल मी करणार आहे. ते कायमचं ठेवता येणार नाही, कारण मागच्या दारातून पाणी आणायची वाट तिथूनच जाते. म्हणून मिटणारं टेबल हवं, काम झालं की खाली लोंबणारं. ते नीट चाललं तर मी नाशिकला येईन. नाही तर यंदा येणार नाही. हे मी भाऊंनाही सांगितलं आहे.

वहिनींना नमस्कार. तुझी माया कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
सरू


सातपूर, नाशिक
२८ जून १९९०

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझ्या वहिनीने शेजारपाजारी साखर वाटली. मी पास झालो तेव्हा आपल्याकडे गूळसुद्धा निघाला नव्हता, पण ते जाऊ दे.

टेबलाचं म्हणशील तर कल्पना चांगली आहे, तुझी अट मात्र वेडेपणाची आहे. अंबाडीत एखादा माणूस मिळणार नाही का? अर्थात भाऊ परक्याच्या ‘धरलं’वर विश्वास ठेवणार नाहीत, हेही खरंच. मी असताना त्यांनी एक माणूस ठेवला होता, सावळाराम नावाचा. तो बिचारा धरायच्या आधीच ‘धरलं’ म्हणायचा. दुपारच्या जेवणाआधी भाऊंनी त्याला घरी पाठवलं.

आमच्या कारखान्यात असं टेबल आहे, ते पाहून आलो. एक गोष्ट ध्यानात ठेव. टेबल फळी सरकते त्या मशीनच्या पाट्याच्या बरोबरीला नको, अगदी किंचित खाली हवं, आणि मशीनकडची कड रंध्याने उतरती कर. टोक जरा झुकलेलं आलं तरी वर चढलं पाहिजे. टेबल केसभर जरी वर राहिलं तरी फळी तिथे ठेचकाळते, आणि चालू पात्यात फळी थांबणं म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको.

आईला हाताला त्रास देऊ नको म्हणावं. ती ऐकणार नाही, तरी सांग.

तुझा,
नामादादा


दिघाशी
११ जुलै १९९०

ती. नामादादास, सा. न. वि. वि.

टेबल झालं! जुन्या दाराच्या सागवानी फळ्या माळ्यावर होत्या, त्या जोडून वरचा भाग केला. बिजागऱ्या आणायला मी भिवंडीला गेले. दुकानदाराला वाटलं कपाटाला हव्या आहेत, म्हणून पितळी दाखवत बसला. मी करवतीचं सांगितल्यावर म्हणाला, तो बहन, लोहे की लो, पितल क्या खाक संभालेगा. मग लोखंडी घेतल्या. मशीनच्या चौकटीला एक पट्टी ठोकली, तिला बिजागऱ्यांनी टेबल टांगलं, पलीकडच्या टोकाला मिटणारे दोन पाय. उंची तू सांगितलीस तशी, कड उतरती. भाऊ खाटेवर बसून बघत होते. मी खाच चुकीच्या बाजूला मारली तेव्हा नुसते खोकले. ती फळी मी पुन्हा नव्याने केली.

खरी गंमत पुढे. सगळं तयार झालं, मोटर सुरू झाली, भाऊंनी लांब फळी उचलली आणि ‘धर’ म्हणाले. टेबल काय बोलणार! भाऊ फळी घेऊन तसेच उभे. मी म्हटलं, भाऊ, लावा की. ते म्हणाले, अगं, पण कोणी धरलं म्हणत न्हाय. मी म्हटलं, टेबल आहे ना पुढे. तर म्हणाले, टेबल हाय ते दिसतंय मला, म्हणत न्हाय असं सांगतोय.

शेवटी मी टेबलाच्या बाजूला हात मागे बांधून उभी राहिले आणि म्हटलं, ‘धरलं’. फळी पात्यातून निघाली, कडेवर चढली आणि पार टोकापर्यंत सरकत जाऊन निजली. मी बोटसुद्धा लावलं नाही. भाऊ म्हणाले, ठीक हाय. याहून मोठी शाबासकी आपल्या घरात आजवर कोणाला मिळालेली नाही. मग मी टेबल मिटवलं आणि आई हंडा घेऊन मधून गेली. जाताना मुद्दाम दोनदा गेली.

वसतिगृहात माझ्यासाठी चौकशी करशील ना? लोभ आहे तो वाढवावास.

सरू


दिघाशी
२४ जुलै १९९०

ती. नामादादास, सा. न. वि. वि.

वसतिगृहाची चौकशी करू नकोस.

काल भाऊ भिवंडीच्या एका लूमवाल्याच्या रॅकच्या फळ्या कापत होते. मी बाजूला होते, ‘धरलं’ म्हणाले. फळी टेबलावर चढली आणि टोकाशी पोचता पोचता थांबली. तिथे ठेचकाळली, दादा. पातं जागच्या जागी फिरत राहिलं, धूर निघाला आणि फळी उलटी उसळली. भाऊ बाजूला उभे होते म्हणून वाचले, कोपर खरचटलं एवढंच. पण ‘धरलं’ मी म्हणाले होते.  भाऊंनी मोटर बंद केली, टेबल खाली सोडलं आणि म्हणाले, राहू दे आता, तुझी आई धरील.

आधी मला वाटलं, पावसाळ्याच्या दमटाने लाकूड फुगलं. मी वरून रंधा मारायला घेतला. तेवढ्यात पायांकडे लक्ष गेलं. परवा दिव्याची अवस झाली ना, त्यासाठी आईने पडवीतले खळगे मातीने बुजवून जमीन चोपली आणि वरून सारवली. पडवी आरशासारखी झाली, आणि सुजल्या हाताने एवढं केलं म्हणून मीच तिचं कौतुक केलं होतं! जमीन वर आली, तिच्याबरोबर टेबलाचे पाय वर आले, आणि पायांबरोबर टेबलाचं पलीकडचं टोक; टेबल पुढे चढतं झालं. नखाएवढा फरक असेल, पण तेवढा पुरला. सणाला पडवी सारवली जाणार हे मला माहीत नव्हतं का? जन्मापासून बघते आहे. पण मोजमाप घेताना मी जमीन म्हणजे पुस्तकातली सरळ रेघ धरली.

आई रडवेली होऊन म्हणाली, मी पुढे सारवायचीच न्हाय तिथं. मी तिला म्हटलं, तू सारव. टेबलासाठी तुझी पडवी उकिरड्यासारखी ठेवायची असेल तर ते टेबल मी चुलीत घालते.

म्हणून मी पाय काढून टाकले आहेत. जमिनीवर टेकायचंच नाही. टेबलाखालून दोन तिरके टेकू घेऊन ते मशीनच्याच चौकटीच्या खालच्या दांड्यात, खाचेत बसवणार. म्हणजे जमीन वर येवो की खाली जावो, मशीन आणि टेबल एकमेकांना सोडणार नाहीत. भाऊंनी टेबलाला हात लावायला मनाई केलेली नाही आणि परवानगीही दिलेली नाही. मी करते आहे. पण दिवस थोडे उरलेत, आणि अर्धवट टेबल सोडून मी येणार नाही, हे पक्कं.

सरू


सातपूर, नाशिक
२७ जुलै १९९०

चि. सरूस, अनेक आशीर्वाद.

भाऊंना जास्त लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. तिरक्या टेकूंची युक्ती बरोबर आहे. मात्र एक धोका बघ. पाय गेले की पुढचा सगळा भार चौकटीवर येणार. लांब फळी टोकाला गेली की मशीन पुढे कलंडेल. चौकटीच्या मागच्या बाजूला खाली वजन ठेव. आईच्या जुन्या जात्याची तळी गोठ्यामागे पडली आहे ना, ती ठेव. हलवताना कंबर सांभाळ. पत्र तुझ्या हातात वेळेवर पडावं म्हणून आपल्या गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर देतो आहे.

आणि आता थोरला भाऊ म्हणून एक सांगतो. ‘धरलं’ कोण म्हणणार, हा सुतारकामाचा प्रश्न नाही. तो तू सोडवायचा नाहीस, भाऊ आणि आई सोडवतील. टेकू बसव, फळ्या काढून बघ, आणि चांगलं चाललं तर एस.टी.त बस. वसतिगृहाची चौकशी मी तुझं न ऐकता केली आहे.

नामादादा


दिघाशी
१४ आगस्ट १९९०

चि. नामा व चि. सरू यांस अनेक आशीर्वाद.

पत्र मी स्वता लिहितो हाय, चुका काढू नये. सरू मास्तरीण होणार म्हणून भीती वाटते.

इकडे सर्व ठीक हाय. कोपर बरं झालं. तुझ्या आईचा हात बरा हाय, डोळ्याचं दिवाळीनंतर भिवंडीस दाखवून घेतो. टेकूवर फळ्या नीट निघाल्या तेव्हा तू निघालीस. तू गेलीस तो दिवस मशीन लावलं न्हाय. दुसऱ्या दिवशी लूमवाल्याचा माणूस आला, म्हणाला चाचा, माल कब देंगे. तेव्हा लावणं भाग पडलं. टेकू खाचेत बसवले, हाताने दाबून पाहिलं. जात्याची तळी जागेवर होती. मोटर चालू केली, फळी उचलली आणि सवयीने ‘धर’ म्हणालो. म्हणालो आणि मग आठवलं की तू न्हायस. फळी घेऊन उभा राहिलो. हात भरून आले तरी उभा.

तेव्हा आतून तुझी आई म्हणाली ‘धरलं’.

मी पाहिलं तर ती चुलीपाशी बसलेली, पाठ माझ्याकडे, हात पिठात. मी म्हणालो, अगं, न बघता कसं सांगतेस. तर म्हणाली, त्या सावळारामागत हाय का ते टेबल? धरलंय म्हटलं की धरलंय. लावा तुम्ही.

मी लावलं. फळी पुढे गेली.

गोकुळाष्टमीच्या आधी पडवी परत सारवली, चांगली जाड. टेबल हललं न्हाय. रोज दिवसभर मी इकडून ‘धर’ म्हणतो आणि ती आतून ‘धरलं’ म्हणते. मधे भाकरी करपली तर मला बोलते. सांजेला टेबल मिटवतो, मग ती हंडा घेऊन जाते.

टेबल ठीक हाय.

दोघांनी जपून राहावे, आमच्यावर जीव हाय तसा असू द्यावा.

तुमचे,
भाऊ