पाणी दिलं, निमित्त विचारलं

अक्रा,
शुक्रवार, दुपार

ती. मामांच्या पायांशी भाची आफ्रियेचा नमस्कार.

इकडे सर्व शांत आहे. (घराला आग लागलेली असली तरी सुरुवात याच वाक्याने करायची, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून केली.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? यंदा काजूला मोहोर चांगला धरलाय, असं ऐकलं. तुमच्या बोआदूसाठी त्या मुलीच्या घरचं दार ठोठावायला काजू विकून झाल्यावर जायचं ठरवलंत, हेही मामींकडून कळलं. उत्तम विचार आहे. मागणी घालायला माणसाने कसं भरल्या खिशाने आणि निवांत मनाने जावं. मुलगा टेलिफोन कंपनीच्या सुन्यानीच्या दुकानात पंख्याखाली बसतो, मीच त्याला तिथे चिकटवलाय, मुलीकडचे काही पळून जात नाहीत. घाई कसली?

आता तुम्ही म्हणाल, ही बया टेलिफोन कंपनीत नोकरी करते, दिवसभर गावाचे फोन उचलते, आणि मामाला पत्र लिहून बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते, हा काय प्रकार? तर मामा, सध्या आमच्या कंपनीत कंपनीच्या फोनवर कोणी चकार शब्द बोलत नाही. नव्या बाई सगळं ऐकतात, अशी बोलवा आहे. खरंखोटं देव जाणे. पण आमचा टॉवर विभागातला अगबेको (सहा फूट उंच, एरवी वाघ) हल्ली बायकोशीसुद्धा दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बोलतो, आणि आपलीच माणसं दुसऱ्यांची सिमं घालू लागली तर कंपनी बुडणार, या काळजीने त्याला झोप लागत नाही.

मूळ कारण असं, की आमचे लार्तेसाहेब गेले. म्हणजे वारले नाहीत, एका मेलने गेले. ‘कुटुंबाला अधिक वेळ देता यावा म्हणून’ पद सोडत आहेत, असं त्यात होतं. (कोणत्या कुटुंबाला, ते लिहिलं नव्हतं, आणि त्यावरून त्यांच्या दोन्ही घरी भांडणं झाली म्हणतात.) त्यांच्या जागी लुसाकाहून चिलेशेबाई येणार. लुसाका म्हणजे झाम्बिया. मामा, त्यांनी आपल्याला हरवलं ती सेमीफायनल तुम्हाला आठवत असेल, जिच्यानंतर तुम्ही चांगला चालता रेडिओ विहिरीत टाकलात. तेव्हा सर्वांत आधी तोंडोतोंडी असा हुकूम फिरला, की बाईंसमोर फुटबॉलचं नाव काढायचं नाही. त्यामुळे झालं काय, की बाई आल्यापासून आमच्या पुरुषमंडळींना बोलायला विषयच उरलेला नाही. ती नुसती हवामानावर बोलतात, आणि इथलं हवामान तर तुम्हाला ठाऊक आहे, बारा महिने तेच.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरची देदे (गोड मुलगी, पण दर आठवड्याला नवा प्रार्थनामंडप गाठते) आपल्या बुवाकडून मंतरलेलं तेल घेऊन आली. नव्या साहेबांचं मन मऊ व्हावं म्हणून तिने ते त्यांच्या खुर्चीला चोळलं. मन मऊ व्हायचं तेव्हा होवो, खुर्चीची गादी मात्र अशी तेलकट झाली, की धुवायला पाठवावी लागली, आणि पहिल्या दिवशी बाईंना कॅन्टीनमधली प्लास्टिकची खुर्ची मिळाली. बाई तिच्यावर बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत, म्हणून अगबेको दुसऱ्या दिवसापासून टाय लावून टॉवरवर चढू लागला.

दुसऱ्यांना हसतेय खरी, पण माझीही गत वेगळी नव्हती. मी गिऱ्हाइकांशी इतकं गोड बोलायला लागले, की तमालेच्या एका म्हाताऱ्याने मध्येच मला थांबवून विचारलं, बाई, तुमच्या घरात कोणी गेलंय का? आमच्या विभागात वयाने मीच मोठी. घराचं भाडं, पोरीचं कॉलेज, आईचं औषध, सगळं या एका खुर्चीवर. ही गेली तर या वयात मी काय मक्याच्या पिठाचा केंके उकडून विकू? (विकेनही, पण तुम्ही माझा केंके खाल्लाय. दुसऱ्यांदा मागितला नाहीत.)

आता मुख्य गोष्टीवर येते. बाई आमच्या विभागात पायधूळ झाडणार, असं कळलं. आदल्या दिवशी सगळे मला घेरून म्हणाले, की आफ्रियेबाई, तुम्ही थोरल्या, तुम्ही ओपोंगमामांच्या हाताखाली वाढलेल्या, पाहुण्याला पाणी देऊन अमान्ने, म्हणजे येण्याचं निमित्त, विचारायचं काम तुमचंच. आपल्या पद्धतीने झालं म्हणजे बाईंना आपलेपणा वाटेल. मलाही ते पटलं. (स्तुती केली की मला काहीही पटतं, हा आपल्या घराण्याचा गुण.)

बाई आल्या. दाराशीच त्यांनी गुडघे जरासे वाकवले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून हलकेच वाजवली. तो त्यांच्याकडचा नमस्कार, हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला वाटलं, बाईंनी टाळ्यांची सुरुवात केली. मग काय, अख्खा विभाग उठून कडाकड टाळ्या पिटू लागला. अगबेकोने शिट्टी मारली. बाई दचकून मागे सरकल्या त्या एच.आर.च्या क्वार्शीसाहेबांच्या पायावर. क्वार्शीसाहेब कळवळले, तरी टाळ्या वाजवत राहिले, कारण पहिला कोण थांबतो याकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

शेवटी बाई बसल्या. उजवीकडून डावीकडे सगळ्यांशी हात मिळवून झाले. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास रिकामा केला. मग मी तुमच्यासारखी मान ताठ करून, इंग्रजीत, पण आपल्या चालीवर म्हणाले, “इथे सर्व शांत आहे. वाट चालून आलात त्या तुम्ही. काय निमित्ताने आलात?”

मामा, आपल्याकडे यावर माणूस काय म्हणतो? वाईट काही नाही, सहजच आलो, म्हणतो. मग आपण म्हणतो, ऐकलं, स्वागत असो. मग जेवायला वाढतात. शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पण बाईंना कोण सांगणार? त्यांना वाटलं, कर्मचारी खरोखरच जाब विचारताहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, आणि ग्लास खाली ठेवला.

“महिनाअखेरपर्यंत बोलू नका, असं मला बजावलंय,” त्या म्हणाल्या. “पण ज्याच्या घरचं पाणी प्यायलं त्याच्याशी खोटं बोलू नये, असं माझी आजी सांगायची. मी दुकानं बंद करायला आलेय. उत्तरेकडची, मधल्या भागातली. कोणती, ते अजून ठरायचंय. तुमचा विभाग राहील.”

क्वार्शीसाहेबांच्या हातून पेन पडलं. देदे पुटपुटत प्रार्थना करू लागली. आणि मी? माझी जीभ, मामा. तुम्ही लहानपणापासून इतकी पक्की वळवलेली ती जीभ, की पाहुण्याने निमित्त सांगून संपवलं रे संपवलं, की ती आपोआप चालते. मी हसून म्हणाले, “ऐकलं. स्वागत असो.”

क्वार्शीसाहेबांनी पेन उचललं आणि ते लिहून घेतलं. संध्याकाळी सगळ्या कंपनीला मेल गेला, की दुकानं बंद करण्याच्या निर्णयाचं ग्राहकसेवा विभागाने टाळ्यांच्या गजरात स्वागत केलं, आणि ज्येष्ठ कर्मचारी श्रीमती आफ्रिये यांनी ते शब्दांत व्यक्त केलं. तेव्हापासून दुकानवाल्यांचे मला जे निरोप येताहेत, ते तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला लिहिण्याजोगे नाहीत. कुमासीच्या दुकानातली एक बाई तर माझ्या सात पिढ्यांपर्यंत गेली. म्हणजे त्यात तुम्हीही आलात.

काल बाईंनी मला खोलीत बोलावलं. (गादी धुऊन आलीय, वास गेलेला नाही.) मला वाटलं, संपलं. पण त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं, मी प्यायले, आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. मी खरं ते उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, या कंपनीत मला तोंडावर प्रश्न विचारणारी तुम्ही एकटीच निघालात, तेव्हा दुकानांच्या दौऱ्यावर तुम्ही माझ्याबरोबर चला. तिथल्या लोकांशी तुमच्या पद्धतीने बोला. मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार, मामा? माझी खुर्ची वाचली या आनंदात मी दोन मिनिटं चक्क हसत होते, आणि मग जिन्यात बसून रडले. देदेने माझ्या कपाळाला उरलेलं तेल लावलं.

तर असं आहे. काळजीचं काही कारण नाही. तब्येतीला जपा. मामींना नमस्कार, बोआदूला आशीर्वाद.

तुमची,
आफ्रिये

ता. क. मामींनी दाण्याचं कूट पाठवायचं म्हटलं होतं. आता पाठवू नका, मला ते गोड लागणार नाही. का, ते खाली आहे.

ता. क. दुसरा. दार ठोठावण्याबद्दल वर लिहिलंय ते विसरा. काजूची वाट बघू नका. शुभस्य शीघ्रम्. येत्या रविवारीच मागणीच्या दारूच्या दोन बाटल्या घेऊन मुलीकडे जा. मुलगा काय करतो, असं ते विचारतील, तेव्हा टेलिफोन कंपनीत आहे, असं सांगा. रविवारी ते खरं असेल. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलंय, बाकीचं मन घट्ट करायला लिहीत गेले. तुम्हाला मामा बनवायचा विचार नव्हता. पण तुम्ही ते आधीपासून आहातच.

ता. क. तिसरा. बाईंनी मला विचारलं होतं, सुन्यानीत तुमचं कोणी आहे का? मी म्हणाले, माझ्या मामांचा मुलगा त्याच दुकानात बसतो. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला जड जाईल. सोमवारी सकाळी आम्ही सुन्यानीला पोहोचतो. दुकानात जाण्याआधी मी तुमच्या घरी येईन, तुमच्या पाया पडेन, मामींच्या शेजारी बसेन. फक्त एक करा. मला पाणी देऊ नका. माझी बाटली मी बरोबर आणतेय.