गुहेतले कोळी आणि माझ्या तीन ट्रॉल्या

मी, गुणवंतराव सीताराम ठेंगरे, वय ७३, एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतला निवृत्त परिचर, राहणार मौजा खैरटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. डोळे अधू झालेत, अक्कल नाही. कोणाचंही दडपण नाही. पत्नीचं पंचेचाळीस वर्षांचं असल्यानं ते धरू नये. खालील मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची असून माझ्या पश्चात तिची व्यवस्था अशी लावावी.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी आशाबाई हिला. कोपऱ्यातली जाळी झाडावी की ठेवावी, हा वाद ती जिंकली असं समजावं.

२. धानाच्या सगळ्या बांध्या मुलगा अजय याला. तो मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो.

३. माझं भिंग आमच्या विभागातल्या प्राध्यापकांना. त्यांनी माझ्या शेतामागच्या गुहेत पेट्रोमॅक्स घेऊन पाच मिनिटं उभं राहून 'येथे कोळी आढळत नाहीत' असं लिहिलं. कोळी त्यांच्या खांद्यामागच्या भेगेत होते. मी बोललो नाही, कारण मला फक्त कंदील धरायला नेलं होतं.

४. शेतामागची टेकडी, गुहेसकट, सोमारी हिला. ती आमच्या शेजारच्या बिरजूची बायको. अजयला हे झोंबेल. त्याचा बेत मी ऐकला आहे: "बाबा, मोहर्लीले वाघ नाई दिसला का टुरिस्ट इकडं आणतो. आत लाइटा लावू, रांग लागते पाहा!" अरे, त्या कोळ्याचं सगळं जगणंच काळोखावर बेतलेलं आहे. रंग फिका, डोळे नावापुरते, पाय सुतासारखे लांब. धागा हलला की त्याला पाहुणा कळतो. महिना महिना उपाशी राहतो. मादी मोजकी अंडी घालते आणि ती तोंडात धरून फिरते. तोवर घास घेत नाही. तू दिवा लावशील आणि ती बिचारी सेल्फीत येईल. तरी हरकत घ्यायचीच असेल, तर आधी मोबाईल बाहेर ठेवून तासभर आत बसावं.

५. आता माझा गुन्हा. गुहेत गवत उगवत नाही. वटवाघळं बाहेर खातात, आत हगतात. त्यावर रातकिडे जगतात आणि रातकिड्यांवर कोळी. हे मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना बाटल्या दाखवून सांगत होतो. तरी २०१० साली फुकटचं खत म्हणून ती विष्ठा तीन ट्रॉल्या भरून मीच धानाला घातली. धान असं आलं की गावभर मिरवलो. पुढच्या वर्षी गुहेत एक कोळी दिसला नाही. तेव्हा मी भर ग्रामसभेत उभा राहून सांगितलं की बिरजूनं धूर करून वटवाघळं पळवली, आणि गुहेच्या वाटेवर मी काट्यांचं कुंपण घातलं. बिरजूच्या घरी नव्या धानाचा पहिला मूठभर तांदूळ गुहेच्या तोंडाशी ठेवतात, तोही दिवा न नेता. ते बंद पडलं. खरं कारण माझ्या ट्रॉल्या, हे मला माहीत होतं. लाज वाटते.

मागच्या वर्षी गुहा पुन्हा एकदा पाहावीशी वाटली, पण गुडघे गेलेले, म्हणून कुंपण काढायला सोमारीला बोलावलं. तिनं हात धरून मला आत नेलं. बाहेरून येणाऱ्या अंधुक उजेडात मी भेगेजवळ बोट पुढे केलं तर म्हणाली, "हात नोका लावू, भाऊ. तिच्या तोंडात अंडी आहेत." कोळी परत आले होते. सबब, माझ्या मृत्यूनंतर अजयनं हे कलम ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं.

६. कलम ५ मधलं शेवटचं वाक्य रद्द. मसुदा सोमारीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "टेकडी ठीक आहे. पण माफी मेल्यावर काऊन मांगता? खोटं बोलाले तं जित्तेच होते ना?"

काल २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते कलम मीच वाचलं. सभा उठल्यावर बिरजू जवळ आला. "चौदा वरसं गुहेले नवा तांदूळ नाई दाखवला, भाऊ," एवढंच बोलला आणि गेला.

मला टेकडी देता येते. चौदा वर्षं देता येत नाहीत.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: गुणवंतराव सीताराम ठेंगरे

साक्षीदार:
१. लोकेश गुरनुले, शेजारी (सही)
२. कोलू मडावी, काल सभेत हजर (अंगठा)

स्थळ: खैरटोला
दिनांक: २७ जानेवारी २०२५