बुलबुल की जहाज

७ मार्च

दादाचं डोकं फिरलंय! जुन्या रेडिओंच्या प्रदर्शनात त्याचं भाषण आहे, ‘कोणत्या कंपनीची बांधणी सर्वांत चांगली?’ आणि पहिला नंबर दिलाय बुलबुलला. बुलबुलला! आयुष्यभर माझ्या शेजारच्या टेबलावर बसून रेडिओ दुरुस्त केलेत या माणसाने.

म्हणे, “इतक्या कमी सामानात इतका गोड आवाज. हीच खरी अक्कल.”

अक्कल कसली, चिक्कूपणा! ट्रान्सफॉर्मरच घातला नाही. भिंतीतली वायर सरळ आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली. प्लग उलटा बसला की अख्ख्या सांगाड्यात करंट. तो आणि माणूस यांच्यामध्ये काय, तर लाकडी खोका आणि चार रबरी बुचं. तीही केव्हाच वाळून भुगा झालेली.

९ मार्च

दोन दिवस बोलले नाही. आज दोन्ही रेडिओ त्याच्यासमोर उघडून ठेवले, दुकानातला बुलबुल आणि दुकानातलं ‘जहाज’, माझी आवडती कंपनी. बघ म्हटलं डोळे उघडून! जहाजात वायरी मेणदोऱ्याने बांधलेल्या, एकही लोंबत नाही. ट्रान्सफॉर्मर विटेएवढा. मागचं झाकण काढलं की करंट आपोआप बंद, कारण आत करंट नेणारी वायर झाकणालाच बसवलेली. झाकण काढणाऱ्या माणसाचा विचार केलाय कुणीतरी!

“उचलून बघ आधी,” दादा म्हणाला. “तुझं जहाज हलवायचं तर हमाल लागतो.”

लागू दे!

वहिनीने चहा दोघांच्या मधोमध ठेवला. “वन्सं, रेडिओवरून एवढं भांडता, पण रेडिओ ऐकत तुमच्यापैकी कुणीच नाही.” हसू आलं होतं. दाबलं.

१३ मार्च

दादाने मला न विचारता एक बुलबुल विकला! कोपऱ्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना. आणि बाईंनी ठेवला कुठे? स्वयंपाकघरात. नळाशेजारी!

तशीच गेले. बाई हसत म्हणाल्या, “छान वाजतो हो. बटण फिरवताना बोटांना जरा मुंग्या येतात, पण जुन्या वस्तूत तेवढं चालायचंच.”

चालायचंच! बटणाच्या स्क्रूला टेस्टर लावला. दिवा लागला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या, ओला हात पदराला पुसत.

प्लग ओढला, बुलबुल काखेत मारला. बाईंचं तोंड उतरलं. “सकाळी घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं मला.” एकट्या असतात. मग काय करणार? माझ्या खोलीतलं जहाज हातगाडीवर घातलं आणि नेऊन दिलं. रोज पहाटे माझ्या उशाशी वाजायचं, कधी कुरकुर नाही. खोली ओकीबोकी दिसते आता.

१४ मार्च

“प्लग कसा लावायचा ते बाईंना सांगितलं होतं मी,” म्हणे!

सांगितलं होतं! म्हणजे बाईंचा जीव एका वाक्यावर टांगलेला? वस्तू अशी बनवावी की माणूस चुकला तरी मरू नये. हे त्याला मी शिकवायचं?

“तुझा राग बुलबुलवर नाहीच,” दादा म्हणाला. “माझ्यावर आहे.”

आहे! दोघांवर आहे!

१७ मार्च

प्रदर्शन. दादा कोट घालून उभा. बुलबुल टेबलावर गात होता आणि लोक माना डोलावत होते. “कमीत कमीमध्ये जास्तीत जास्त,” दादा म्हणाला. टाळ्या.

मला राहवलं नाही. उठले. “मग त्या बटणाच्या स्क्रूला ओला हात लावून दाखव!”

माना डोलायच्या थांबल्या. नुसता बुलबुल गातोय. दादाने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा कानापर्यंत लाल.

घरी येताना तो पुढे, मी मागे, वहिनी मध्ये. “चारचौघांत नको होतं हो,” एवढंच बोलली ती.

१८ मार्च

वाईट वाटतंय का? अजिबात नाही.

२१ मार्च

सकाळी बाईंचा फोन. दादाने घेतला आणि तसाच धावत सुटला. मी मागून. पोचले तेव्हा त्याने मेन स्विच पाडला होता. पडदा जळालेला, भिंत काळी. बाई दारात उभ्या, भुवया करपलेल्या. बाकी धड आहेत.

पेटलं ते जहाज.

झाकण काढलं. कंपनीने फ्यूज दिला होता, अगदी हवा तिथे. कुणा जुन्या मेकॅनिकने त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून ठेवला होता, म्हणजे फ्यूज कधी उडणारच नाही. बघितल्याबरोबर कळावं असं. पण मी ते झाकण कधी काढलंच नव्हतं. घेतलं तेव्हाही नाही, देतानाही नाही. जहाज होतं ना!

दादाने बाईंना पाणी दिलं, फरशी पुसली, जळका पडदा खाली नेऊन टाकला. मला एक शब्द बोलला नाही.

एक तरी शब्द बोलायचा होता त्याने!